वाचकांचे प्रश्न : वजन, कंबर आणि घरातले माप

श्रावणाच्या तोंडावर निघणाऱ्या या अंकासाठी वजनाविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आली. त्यांतल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ‘कोणता आहार धरू म्हणजे वजन लवकर उतरेल?’ आहारसल्ल्याच्या कामात गेली वीस-बावीस वर्षे मी हा प्रश्न रोज ऐकत आले आहे. एक-दोन महिन्यांसाठी धरलेला आहार सुटला की उतरलेले वजन परत चढते, हेही मी शेकडो घरांत पाहिले आहे. घरात महिन्याला तेल किती येते, साखरेचा डबा किती दिवसांत रिकामा होतो, रात्रीची पाने किती वाजता मांडली जातात आणि जेवून किती वेळाने दिवे मालवले जातात, या गोष्टी बदलल्या तरच वजन टिकून कमी राहते. म्हणून यावेळी उत्तरांमध्ये मापे आणि आकडे थोडे जास्त आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४४ वर्षांची गृहिणी असून माझे वजन ६८ किलो आहे. चार वर्षांत ते सहा किलोंनी वाढले. मी दोन पोळ्या आणि वाटीभर भातापेक्षा जास्त खात नाही. थायरॉइडची तपासणी केली, ती व्यवस्थित आली. आम्ही घरात चौघे असून बाहेरचे फारसे खात नाही. महिन्याला पाच लिटर तेल पुरते. मग वजन का वाढते? (नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले ‘पाच लिटर तेल पुरते’ हे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल, पण मी तिथेच थांबले. पाच लिटर तेलाचे वजन साधारण साडेचार किलो भरते. ते तीस दिवसांत आणि चार माणसांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये, दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी वरून घालायच्या तेला-तुपाचे प्रमाण २७ ग्रॅम दिलेले आहे. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममधून नऊ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे केवळ या फरकामुळे घरातल्या प्रत्येकाच्या पोटात रोज शंभरेक किलोकॅलरी जादा जात आहेत. वरणावरचे तूप आणि डब्यातले फरसाण यात धरलेले नाही. भाजीत दाण्याचे कूट सढळ हाताने पडत असेल, तर शंभर ग्रॅम दाण्यांत चाळीस ते पन्नास ग्रॅम तेलच असते, हेही लक्षात घ्यावे.

आता तुमच्या वाढीकडे पाहू. चार वर्षांत सहा किलो ऐकायला मोठे वाटते, पण ढोबळ हिशेबाने ही वाढ रोजच्या तीसेक किलोकॅलरींच्या शिलकीतून साठते. वाढलेले वजन बाळगायलाही शरीराला ऊर्जा लागते, त्यामुळे आज प्रत्यक्षात तुम्ही चार वर्षांपूर्वीपेक्षा याहून बरेच जास्त घेत असणार. तरीही वाढीची सुरुवात चहाच्या एका चमच्याहूनही कमी तेलाइतकी बारीक असते. म्हणूनच ती ताटात दिसत नाही आणि ‘मी तर काहीच खात नाही’ ही तुमची भावना खोटी नसते.

गृहिणींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारते आणि ती विचारली की समोरची व्यक्ती थोडा वेळ गप्प होते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेली डावभर आमटी, धाकट्याने ताटात टाकलेली अर्धी पोळी, सकाळचा चमचाभर शिरा हे सारे कोण संपवते? ‘अन्न वाया जाऊ नये’ हा संस्कार चांगला आहे, पण त्याचा सगळा भार घरातल्या एकाच पोटावर पडू नये. अशा उरल्यासुरल्या घासांची बेरीज दिवसाला दीडशे किलोकॅलरींच्या आसपास सहज जाते आणि आपण काय खाल्ले हे आठवताना ती कधीच आठवत नाही. उरलेले झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी पोळीचा कुस्करा किंवा भाताची फोडणी सगळ्यांनी मिळून खावी आणि मुळात अंदाज घेऊन थोडे कमी रांधावे.

करायचे काय, ते सांगते. तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि दर सोमवारी त्यातून आठवड्याचे तेल मोजून एका बाटलीत काढा. पहिला महिनाभर ही बाटली एक लिटरची असू द्या, पुढच्या महिन्यात ९०० मिलीलिटर आणि त्यानंतर ८३० मिलीलिटर. चौघांना रोज २७ ग्रॅमप्रमाणे आठवड्याला एवढेच लागते. बाटली शनिवारी संपली, तर रविवारी भजी होणार नाहीत, एवढा एकच नियम. फोडणीला पळीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने घालावे आणि भाजी परतत न बसता झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. आपल्या आज्या कोबी, दोडका, पडवळ अशाच शिजवत असत. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. तुमच्या घरात दहा टक्के म्हणजे महिन्याला अर्धा लिटर. मी त्यापेक्षा थोडे पुढे जायला सांगत आहे.

चहाचे तुम्ही काही लिहिलेले नाही. दिवसाला तीन कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर तीस ग्रॅम साखर चहातूनच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे; हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. साखर एकदम बंद करू नका, कारण तसा बेगोड चहा चार दिवसांपलीकडे टिकत नाही. दर पंधरा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी करत गेलात, तर दोन महिन्यांत तुम्ही एका चमच्यावर याल आणि पूर्वीचा चहा तुम्हालाच पाक घातल्यासारखा लागेल.

या वयात पाळी जाण्याच्या आसपास चरबी पोटाकडे सरकू लागते आणि स्नायू घटतात, हेही खरे आहे. त्यामुळे व्यायाम लागेलच. मात्र पहिले उद्दिष्ट सहा किलोंचे ठेवू नका. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन किलो उतरले, तरी रक्तदाब आणि रक्तशर्करा यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. सहा महिन्यांत एवढे झाले तरी मला समाधान वाटेल.

प्रश्न : माझे वय ३१, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७० किलो. मी हिंजवडीत संगणक क्षेत्रात काम करतो. हातपाय बारीक आहेत, फक्त पोट थोडे सुटले आहे. आई म्हणते, ‘खात्यापित्या घरचा दिसतोस, छान आहे.’ कंपनीच्या तपासणीत मात्र ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले आणि यकृतावर चरबी आढळली. हे कसे? (पुणे)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच शहरात झालेल्या कामात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख त्या दोघांच्याच छायाचित्रासह प्रसिद्ध केला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून मात्र वेगळे. दिसायला सडपातळ पण आतून चरबीयुक्त, अशा या भारतीय शरीररचनेची मुळे गर्भावस्थेतल्या पोषणापर्यंत जातात, हे डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू केलेल्या अभ्यासातून पुढे आले. तिथली नवजात बाळे वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कमी भरत. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र तुलनेने राखलेली होती.

याच कारणामुळे आपल्याकडे निकष अधिक कडक धरले जातात. जागतिक पातळीवर बॉडी मास इंडेक्स २५ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी या रेषा २३ आणि २५ वर आहेत. तुमचा आकडा २३.७ येतो, म्हणजे तुम्ही पहिली रेषा ओलांडलेली आहे. त्याहून महत्त्वाचे माप कंबरेचे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणाचे प्रमाण २८.६ टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के आढळले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात तुमच्यासारखी लाखो माणसे आहेत, ज्यांना कोणी जाड म्हणत नाही.

पँटचा नंबर हे कंबरेचे माप नव्हे. पोट सुटले की पुरुष पट्टा पोटाखाली बांधू लागतात आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. सकाळी पोट रिकामे असताना सरळ उभे राहा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध टेप आडवी धरा, सहज श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. घरात टेप नसेल तर सुतळीचा तुकडा आपल्या उंचीइतका कापून त्याची बरोबर दुहेरी घडी घाला. ती घडी कंबरेभोवती पुरली पाहिजे. तुमच्या उंचीला ८६ सेंटिमीटरची घडी येते. मोजून पाहा आणि आईलाही दाखवा, कारण तिच्या कौतुकामागे माया आहे आणि तिला हे कुणी सांगितलेले नाही.

सवयींपुरते सांगायचे, तर तुम्हाला कमी खाण्यापेक्षा बसणे मोडण्याची आणि स्नायू वाढवण्याची गरज जास्त आहे. दर पाऊण तासाने खुर्चीतून उठून दोन-तीन मिनिटे चालावे, फोनवरची बोलणी उभ्याने करावीत आणि आठवड्यातून निदान दोन दिवस बैठका, जोर, वजने असा ताकदीचा व्यायाम करावा. त्याखेरीज आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालावे. रात्री उशिरा मागवलेले जेवण आणि त्यासोबतचे गोड पेय या दोन गोष्टी आजपासूनच थांबवा. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, मैदा आणि मद्य यांचा मोठा वाटा असतो. अहवाल मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : कोणी म्हणते दिवसातून दोनदाच जेवा, कोणी म्हणते दर दोन तासांनी थोडे थोडे खा. खरे काय मानावे? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही पद्धतींनी वजन कमी झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि दोन्ही पद्धतींनी वाढलेलीही पाहिली आहेत. दिवसभरात एकूण किती आणि काय पोटात जाते, यावर वजन अवलंबून असते. ते किती वेळांत विभागले आहे याला दुय्यम महत्त्व आहे. ज्याला मधल्या वेळेत चिवड्याच्या डब्याकडे हात नेण्याची सवय आहे, त्याला ‘दोनदाच’ हा नियम सोपा जातो. जो उपाशी राहिला की पुढच्या जेवणात दुप्पट जेवतो, त्याला तो घातक ठरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण चुकवल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये.

वेळेबद्दल एकच आग्रह मी धरते. आपल्याकडे मालिका संपल्यावर साडेनऊ-दहाला जेवण आणि अकराला झोप, असे वेळापत्रक झाले आहे. रात्रीचे जेवण झोपेच्या किमान दोन-तीन तास आधी आटोपावे आणि झोप सात तासांहून कमी नसावी. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि तृप्ती सांगणारे लेप्टिन घटते, त्यामुळे जागरणानंतरच्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त खावेसे वाटते.

प्रश्न : श्रावणात मी सोमवार आणि शनिवार धरते, शिवाय एकादशी असतेच. एवढे उपवास करूनही दरवर्षी श्रावणात वजन वाढते. सासूबाई ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून हसतात. उपवास सोडायची माझी इच्छा नाही. काय करावे? (जळगाव)

उत्तर : उपवास मुळीच सोडू नका, त्याच्या ताटात काय आहे तेवढे बदला. साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात प्रथिने नावापुरतीच असतात आणि चोथा नसल्यातच जमा. एका बशीभर खिचडीत पाऊण वाटीच्या आसपास कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्यांचे कूट, दोन चमचे तूप आणि बटाट्याच्या चार फोडी धरल्या, तरी साडेपाचशे किलोकॅलरी होतात. हे एका पूर्ण जेवणाइतके झाले, आणि त्यात आमटी, भाजी, कोशिंबीर यांपैकी काहीच नाही. म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, केळे, चहा असा क्रम सुरू होतो. संध्याकाळी उपवास सोडताना गोडाधोडाचे पूर्ण पान वाढले जाते, ते वेगळेच.

उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतच चांगले पर्याय आहेत. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि वाटीभर ताक हे पोटभरीचे जेवण आहे. राजगिऱ्यात प्रथिने बरी असतात. वऱ्याचे तांदूळ करायचे तर दाण्याची आमटी दाटसर न करता एका वाटीपुरती घ्यावी. उकडलेले रताळे, घरचे पनीर, दूध, फळे या गोष्टी चालतात. खिचडीच हवी असेल तर महिन्यातून एखादे दिवशी, लहान बशीत, तिच्या निम्मी काकडी मिसळून खावी. सोमवारचा उपवास सोडताना भाताआधी वाटीभर भाजी आणि मूग घातलेली आमटी घ्यावी. नैवेद्याचे गोड पानात एक चमचा वाढले तरी नैवेद्याला उणेपण येत नाही.

आपले पारंपरिक ताट वाढण्याची रीत यात फार उपयोगी आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, आमटी. मध्ये भात आणि पोळी. काळाच्या ओघात मधला भाग पसरत गेला आणि डावीकडची कोशिंबीर चमच्याएवढी झाली. रोजच्या जेवणात कोशिंबीर चमच्याऐवजी वाटीने वाढा, उजवीकडची भाजी दुप्पट करा आणि मधला भात तेवढा आवरा. पोषण संस्थेच्या सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितलेली आहेत. आपल्या बहुतेक घरांत याच्या निम्मेही होत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : रोज सकाळी कोमट पाण्यातून लिंबू आणि मध घेतल्यास चरबी वितळते का? पोळीऐवजी भाकरी खाल्ली तर वजन कमी होते का? (मडगाव)

उत्तर : पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोमट पाणी प्यायला हरकत नाही. पण त्यातल्या मोठ्या चमचाभर मधातून साठेक किलोकॅलरी जातात. दुसऱ्याबाबत सांगायचे, तर ज्वारीचे आणि गव्हाचे पीठ ऊर्जेच्या दृष्टीने जवळपास सारखेच आहे. भाकरीचा फायदा असा की ती तेलाशिवाय होते, जास्त चावावी लागते आणि एकीने पोट भरते. तीवर लोण्याचा गोळा घेतला की हिशेब पुन्हा तिथेच येतो. तांदळाच्या भाकरीपेक्षा नाचणीची किंवा ज्वारीची बरी.

प्रश्न : माझे वय ६६. निवृत्तीनंतर रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बाजूला पाऊण तास चालतो, मोबाइलवर दहा हजार पावले पूर्ण करतो. दोन वर्षांत वजन एक किलोनेही उतरले नाही. चालणे वाया गेले का? (सातारा)

उत्तर : काका, ते अजिबात वाया गेलेले नाही. चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर, झोप आणि मन या सगळ्यांना जो लाभ होतो तो वजनकाट्यावर दिसत नाही. केवळ चालून वजन उतरवणे मात्र अवघड असते. पंचाहत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास बऱ्या गतीने चालले तर सुमारे दोनशे किलोकॅलरी खर्च होतात. फिरून आल्यावर मित्रमंडळींबरोबर टपरीवर एक प्लेट कांदाभजी आणि गोड चहा झाला, की ती सगळी कमाई भरून निघते आणि वर थोडी शिल्लक पडते. तुमच्या पत्रात या टपरीचा उल्लेख नाही, पण सकाळी फिरणाऱ्या इतक्या मंडळींना मी भेटले आहे की विचारल्यावाचून राहवत नाही. मित्रांची बैठक मोडू नका. निवृत्तीनंतर ती औषधासारखी असते. भज्यांऐवजी बिनसाखरेचा चहा आणि खिशातले मूठभर फुटाणे चालतील.

दहा हजार या आकड्याचे दडपणही नको. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाच्या नावाने विकायला आले आणि तिथून हा आकडा जगभर रुळला. तो संशोधनातून आलेला नव्हता. तुमच्या वयात सात हजारांच्या आसपासही भरपूर लाभ मिळतो.

तुम्ही वाचवलेला वेळ ताकदीच्या व्यायामाला द्या, कारण साठीनंतर स्नायू झपाट्याने घटतात आणि तेच तर ऊर्जा खर्च करणारे अवयव आहेत. हात नसलेली भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून, गुडघ्यांवर भार न देता पाय जमिनीत रोवून हळूहळू उभे राहा आणि उभे राहण्यापेक्षाही हळू बसा. शेवटच्या चार इंचांत शरीर धपकन टाकू नये. असे दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. त्याबरोबर प्रत्येक जेवणात एक वाटी घट्ट वरण, उसळ, दही किंवा एखादे अंडे हवे. दूध-पोळी किंवा आमटी-भात खाऊन झोपण्याची ज्येष्ठांची सवय स्नायूंच्या मुळावर येते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून त्याचे वजन ४८ किलो आहे. शाळेत मुले त्याला चिडवतात. त्याला डाएटवर ठेवावे का? त्याची आजी मात्र म्हणते, वाढत्या अंगाचा आहे, खाऊ दे. (ठाणे)

उत्तर : प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून त्याची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. मोठ्यांचे २३ आणि २५ हे निकष मुलांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली वयानुसार वेगळे तक्ते दिलेले आहेत. या वयात मुलाला कमी खायला घालून वजन उतरवायचे नसते. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते आहे, तोवर वजन जिथे आहे तिथे रोखून धरले तरी पुष्कळदा पुरेसे होते. म्हणजे आजींचे ‘वाढते अंग’ हे म्हणणे निम्मे बरोबर आहे.

त्याच्या एकट्याच्या ताटात काही बदलू नका. बदल घरात झाला पाहिजे. बिस्किटे, वेफर्स, मॅगी आणि थंड पेयांच्या बाटल्या घरात येणेच थांबले, तर त्याला ‘तुला नाही’ असे कुणाला म्हणावे लागणार नाही. गोड शीतपेयात दर शंभर मिलीलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पाव लिटरच्या एका बाटलीत पाच चमचे. दुधात घालायच्या चॉकलेटी भुकटीच्या डब्यामागची बारीक अक्षरे त्याच्याबरोबर बसून वाचा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना, कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे दाखवणारे फलक लावायला सांगितले आहे. असा फलक घरच्या फ्रिजवर त्याच्याच हाताने तयार करून घ्या. मुलांना मोजायला आवडते.

जेवताना दूरदर्शन आणि मोबाइल कुणाचेच चालू नकोत, वडिलांचेही नाही. रोज एक तास मैदानावर धावपळीचा खेळ हवा आणि त्यासाठी एखादी शिकवणी बंद करावी लागली तर करावी. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. घरात कुणीही त्याला जाड्या, ढोल्या अशी हाक मारू नये, प्रेमानेसुद्धा नाही. चिडवल्या गेलेल्या मुलाचे वजन चिडवण्याने उतरत नाही. ती मुले लपून खाऊ लागतात आणि मैदानावर जायचे टाळतात. वर्गशिक्षिकांना भेटून चिडवण्याबद्दल स्पष्ट सांगा. आजींना माझा निरोप द्या, की नातवाला लाडाने काही द्यायचे असेल तर संध्याकाळचा एक तास द्यावा, त्याच्याबरोबर खाली बागेत जावे.

प्रश्न : वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी सध्या सगळीकडे ऐकते. वय ३८, वजन ८१ किलो. घ्यावे का? (मुंबई)

उत्तर : सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधे २०२५ मध्ये वजनासाठी भारतातही उपलब्ध झाली. आतड्यातल्या संप्रेरकांसारखे काम करून ती भूक कमी करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यांनी वजन उतरते, याबद्दल शंका नाही. ज्यांचा लठ्ठपणा जास्त आहे किंवा ज्यांना त्यासोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार आहेत, त्यांच्यासाठी ती आहेत. लग्नसराईआधी चार-पाच किलो उतरवण्यासाठी नाहीत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात. पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाचा दाह क्वचित होतो. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ती घेऊ नयेत आणि घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट प्रकारचा कर्करोग असेल तर आधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग बहुतेकांत परत येतो, आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यालाही प्रथिने, ताकदीचा व्यायाम आणि वर सांगितलेल्या सवयी सुटत नाहीत. निर्णय तुमच्या तपासण्या पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. ओळखीच्या व्यक्तीकडून किंवा सौंदर्यप्रसाधन केंद्रातून हे औषध कधीही घेऊ नका.

प्रश्न : वजन रोज करावे का? माझा आकडा सकाळ-संध्याकाळ दीड किलोने बदलतो आणि मन खट्टू होते. (सोलापूर)

उत्तर : एवढा फरक पाण्याचा, मिठाचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो, चरबी एका दिवसात दीड किलोने घटत नाही आणि वाढतही नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे. काटा गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. पाळीच्या दिवसांत आकडा वर जातो, त्या आठवड्याचा विचार करू नये. वजनाशेजारी महिन्यातून एकदा कंबरेचे माप लिहावे आणि ही वही स्वयंपाकघरात, किराण्याच्या यादीजवळ ठेवावी.